वाचकांचे प्रश्न : टेस्ट किटचा आकडा आला, आता काय ओतू?

या वेळी खाऱ्या पाण्याच्या टँकवरची पत्रं एकत्र घेतली आहेत. बहुतेकांचा सूर एकच : टेस्ट केली, आकडा आला, आता कुठली बाटली आणू? माझी सगळी नोकरी कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत गेली, त्यामुळे आकड्यांशी माझं वैर नाही. पण आकडा दिसला की लगेच काहीतरी ओतायचं, ही सवय मला पटत नाही. उत्तरं त्या बेतानेच वाचा.

नमस्कार मॅडम. आम्ही ठाण्याला घोडबंदर रोडवर राहतो. हॉलमध्ये तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच रीफ, म्हणजे कोरलचा (पोवळ्यांचा) टँक लावला आहे. ड्राय रॉक, कोरडी वाळू, बाटलीतले बॅक्टेरिया, घरच्या आरओचं पाणी आणि चांगल्यापैकी सॉल्ट वापरलं. चौथा आठवडा चालू आहे. आठ किट घेतली. कालचे आकडे : सॅलिनिटी १.०२५, तापमान २९, अमोनिया ०.२५, नायट्राइट ५, नायट्रेट १००, पीएच ७.९, केएच ८, कॅल्शियम ४००, मॅग्नेशियम १२९०, फॉस्फेट ०.०२. दुकानदाराने स्ट्रिपवर पाणी तपासून 'अमोनिया झिरो आहे, रविवारी क्लाऊनफिशची जोडी न्या' म्हटलं आणि पीएचसाठी बफरचा डबा दिला. आधी काय सुधारू? – एक वाचक, ठाणे

रविवारी मासे आणू नका. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचाल.

तुम्ही सगळे आकडे एका रांगेत लिहिलेत, पण आज त्यातले तीनच कामाचे आहेत : अमोनिया, नायट्राइट आणि सॅलिनिटी. कॅल्शियम, मॅग्नेशियम खाणारं टँकमध्ये अजून कुणी नाही. सॉल्टच्या पाकिटातून जेवढं आलं तेवढंच पाण्यात आहे, ते आज मोजलं काय आणि महिन्याने मोजलं काय. ती किट झाकण घट्ट लावून थंड, कोरड्या जागी ठेवा आणि तळावरची मुदतीची तारीख बघून ठेवा. कोरल येतील तेव्हा ती लागतील.

आता अमोनिया. तुमच्या किटमध्ये शून्याला पिवळा रंग येतो आणि ०.२५ ला जेमतेम हिरवट. रात्री टँकच्या निळ्या लाइटखाली किंवा हॉलच्या पिवळ्या बल्बखाली हा फरक ओळखणं कुणालाच जमत नाही. मी असं करते : दोन नळ्या घ्यायच्या. एकीत टँकचं पाणी, दुसरीत अमोनिया नसल्याची खात्री असलेलं पाणी, म्हणजे डीआयमधून (उरलेसुरले क्षार काढून घेणाऱ्या रेझिनमधून) काढलेलं किंवा डिस्टिल्ड. दोन्हींत थेंब मोजून टाकायचे, सांगितलेली मिनिटं घड्याळ लावून थांबायचं आणि दिवसाउजेडी खिडकीशी, पांढऱ्या कागदावर दोन्ही नळ्या शेजारी शेजारी धरायच्या. तुलना छापील कार्डाशी नाही, नळीची नळीशी. दोन्ही सारख्याच पिवळ्या दिसल्या तर तुमचं ०.२५ हा नुसता भास होता. टँकची नळी हिरवी दिसली तर अमोनिया खरोखरच आहे. क्लोरीन मारणारं औषध नुकतंच टाकलं असेल तर काही किट चुकीचं दाखवतात, तेव्हा दोन दिवस थांबून मगच ही परीक्षा घ्या.

पण एकदा शून्य आलं म्हणून टँक तयार झाला असं होत नाही. अमोनिया निर्माणच होत नसेल तर शून्यच येणार. टँकमध्ये मासा नाही, खाणं पडत नाही, मग अमोनिया येईल कुठून? टँक सायकल झाला का, म्हणजे अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे बॅक्टेरिया बसले का, हे बघायचं तर त्याला काम देऊन बघायचं. अमोनियम क्लोराइड घ्या, म्हणजे आपला नवसागर. मात्र कल्हईवाल्याकडचा नको, लॅबोरेटरी ग्रेडचा आणा. तुमच्या टँकचं माप १९० लिटरच्या आसपास आहे. दगड-वाळूची जागा सोडली तर पाणी १६० लिटर धरू. त्यात १ ग्रॅम नवसागर विरघळवून टाकलात की अमोनिया २ पीपीएमच्या (लिटरला २ मिलिग्रॅमच्या) घरात जातो. टाकल्यावर तासाभराने मोजा, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा मोजा. २४ तासांत अमोनिया दिसेनासा झाला आणि त्यामागोमाग नायट्राइटही खाली आलं, की समजा बॅक्टेरियांचं घर बसलं. नाही झालं तर पुन्हा नवसागर टाकत बसू नका. आठवडाभर थांबा. कोरड्या दगडापासून सुरू केलेल्या टँकला चार ते सहा आठवडे सहज लागतात, कधी जास्तही.

तुमचं नायट्राइट ५ आहे, म्हणजे पहिल्या फळीचे बॅक्टेरिया कामाला लागलेत, दुसरी फळी अजून तयार व्हायची आहे. एवढं नायट्राइट गोड्या पाण्यात माशांच्या जिवावर बेततं. समुद्राच्या पाण्यात क्लोराइड मुबलक असतं, त्यामुळे नायट्राइटचा तसा मार बसत नाही. मग थांबायचं कशाला? सायकल अर्धवट आहे हे तोच आकडा सांगतोय म्हणून.

आणि तो १०० चा नायट्रेट? विसरा. नायट्रेटचं किट आधी नायट्रेटचं नायट्राइट करतं आणि मग त्या नायट्राइटला रंग आणतं. पाण्यात मुळातच नायट्राइट असेल तर तेही त्याच रंगात धरलं जातं आणि आकडा भलताच फुगतो. नायट्राइट शून्यावर येईपर्यंत नायट्रेटचं किट उघडूच नका, एकेक टेस्ट महाग आहे. पुढे उघडाल तेव्हा दोन बाटल्यांचं किट असेल तर दुसरी बाटली नीट अर्धा मिनिट जोरात हलवा. तळाशी बसलेलं रसायन पाण्यात आलं नाही तर आकडा कमी येतो आणि आपण उगाच खुश होतो.

बफरचा डबा परत देऊन या. पीएच ७.९ असताना केएच ८ आहे. केएच म्हणजे पाण्याची आम्ल पचवायची ताकद, आणि ती ठीक आहे. पीएच कमी दिसतोय तो बहुधा तुमच्या हॉलमुळे. रात्री खिडक्या बंद, एसी चालू, घरात चार माणसं : हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढतो, पाण्यात उतरतो आणि पीएच खाली ओढतो. खरं-खोटं करून बघायचं असेल तर टँकचं ग्लासभर पाणी बाल्कनीत न्या, त्यात छोटा एअरपंप तासभर चालवा आणि पुन्हा पीएच मोजा. वर गेला तर दोष पाण्याचा नाही, हवेचा. बफर घातला तर दुपारपर्यंत पीएच छान दिसेल, रात्री पुन्हा खाली येईल आणि मधल्या मध्ये केएच मात्र चढत राहील. शिवाय एक गोष्ट दुकानदाराने सांगितली नसेल. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो, त्यातलं एकच फार विषारी. पीएच एकाने वाढला की त्या विषारी रूपाचा वाटा जवळजवळ दहापट होतो. ७.९ चा ८.४ केलात तर तिपटीच्या घरात. ज्या टँकमध्ये अमोनियाचा निकाल लागायचा आहे तिथे मासे सोडायचे आणि त्याच आठवड्यात पीएच चढवायचा, हा सल्ला देणाऱ्याला काय म्हणावं!

सॅलिनिटी तुम्ही कशाने मोजता ते लिहिलेलं नाही. काट्याच्या हायड्रोमीटरने मोजत असाल तर काट्याला चिकटलेला एक बुडबुडा सगळं बिघडवतो. रिफ्रॅक्टोमीटर असेल तर तो साध्या पाण्यावर शून्य करून थांबू नका. आपल्याला वाचायचंय समुद्राच्या खारटपणाला, म्हणजे ३५ पीपीटीला (हजार भागांत ३५ भाग क्षार), तर जुळवणीही ३५ लाच हवी. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ३६.५ ग्रॅम साधं खायचं मीठ (टँकचं सॉल्ट नव्हे) आणि ९६३.५ ग्रॅम डिस्टिल्ड पाणी वजन करून मिसळा. हे पाणी रिफ्रॅक्टोमीटरला ३५ पीपीटीच्या समुद्रासारखंच दिसतं. त्यावर रेघ ३५ ला आणा. घनतेचा आकडा छापलेला असेल तर १.०२६ च्या किंचित वर. झाकणबंद बाटलीत हे पाणी टिकतं, महिन्यातून एकदा पडताळून बघायला पुरतं.

माझी खरी तक्रार घरच्या आरओबद्दल आहे. पिण्याच्या आरओत चवीसाठी मुद्दाम थोडे क्षार ठेवलेले असतात. काही मशिनांत तर टीडीएस कंट्रोलर कच्चं पाणीच मागच्या दाराने मिसळतो, आणि उन्हाळ्यात सोसायटीत टँकर आला की कच्चं पाणी म्हणजे बऱ्याचदा बोअरचं. टँकमधून रोज वाफ होते ती निव्वळ पाण्याची. तुम्ही वर टॉप-अप घालता त्यातले क्षार, सिलिकेट, नायट्रेट मात्र आतच साठत जातात. पुढच्या महिन्यात वाळूवर तपकिरी थर येईल तेव्हा हे वाक्य आठवेल. आरओच्या पुढे डीआय रेझिनचा डबा जोडा आणि टीडीएस मीटरवर ० येतोय का ते बघा. आठ किटांच्या पैशात हे झालं असतं आणि आणखी काही उरलं असतं.

२९ अंश तापमान सायकलसाठी चालून जाईल. कोरलसाठी नाही. २५-२६ च्या आसपास आणावं लागेल. पाण्यावर आडवा पंखा सोडला तर कोरड्या हवेत दोन-तीन अंश सहज उतरतात, पण ठाण्याच्या जुलैत दमट हवेपुढे पंख्याचं काही चालत नाही. चिलरचे पैसे आत्तापासूनच बाजूला काढा.

घरापासून समुद्र पंधरा मिनिटांवर आहे. सॉल्ट विकत घेण्याऐवजी समुद्राचंच पाणी वापरलं तर? आणि ओहोटीला खडकांवर पोवळ्यासारखं दिसतं, त्यातला एखादा दगड आणून टँकमध्ये ठेवला तर चालेल का? – एक वाचक, रत्नागिरी

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी : अजिबात नाही. खडक तयार करणारी सगळी पोवळी आणि समुद्रपंखे वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, २००१ पासून. म्हणजे कायद्याच्या लेखी ती वाघाच्या पंक्तीला. जिवंत असो, मेलेला असो, तुकडाही उचलू नका आणि कुणी 'मालवणचा लाइव्ह रॉक' म्हणून विकत असेल तर त्याच्या वाऱ्यालाही उभे राहू नका. मालवणला तर १९८७ पासून सागरी अभयारण्यच आहे. ड्राय रॉक घ्या, बॅक्टेरिया त्यावरही बसतात.

पाण्याचं म्हणाल तर वापरता येतं, पण कुठून आणि कधी यावर सगळं आहे. मिरकरवाडा बंदराच्या आसपासचं नको : बोटींचं डिझेल, मासळीची घाण. भाट्याच्या खाडीच्या तोंडाशी तर काजळी नदीचं गोडं पाणी मिसळतं. ओळखीचा कुणी बोट घेऊन बाहेर जात असेल तर भरतीच्या वेळी, किनाऱ्यापासून लांबून, फूडग्रेड ड्रममध्ये भरून आणा. पावसाळ्यात नाही. नद्या-ओढ्यांचं पाणी किनाऱ्याशी पसरतं, खारटपणा घसरतो आणि गाळही येतो. समुद्र निवळला, दिवाळी झाली की मग आणा. आणल्यावर अंधारात झाकून निवळू द्या, वरचं पाणी फिल्टर वूलमधून गाळा आणि टँकमध्ये जाण्याआधी सॅलिनिटी, अमोनिया, नायट्रेट, फॉस्फेट मोजा. इथे मात्र सगळी किट वापरा, कारण पाकिटावर छापलेलं काही नाही, दर खेपेला पाणी वेगळं.

मुंबईच्या वाचकांनी हे उत्तर वाचून जुहूला बादली घेऊन जाऊ नये.

टँकला पाच महिने झाले. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्य ठेवलंय, तरी वाळूवर तपकिरी, बुळबुळीत धागे येतात आणि त्यात बुडबुडे अडकलेले दिसतात. रात्री कमी होतात, दुपारी पुन्हा हजर. फॉस्फेट काढणारं मीडिया वाढवू का? – एक वाचक, पुणे

वाढवू नका, उलट काढून ठेवा. 'शून्य ठेवलंय' यातच घोडं अडलंय. धुळीसारखा सपाट तपकिरी थर असता तर डायटम (एकपेशी शेवाळ) म्हणून सोडून दिलं असतं, नव्या टँकमध्ये तो येतो आणि जातो. बुडबुडे धरणारे, दुपारी वाढणारे धागे म्हणजे डायनोफ्लॅजेलेट या एकपेशी सूक्ष्मजीवांची शंका घ्यावी. पाणी उपाशी ठेवलं की त्यांच्याशी जागेसाठी भांडणारं बाकीचं शेवाळ आणि बॅक्टेरिया मागे पडतात आणि यांचं फावतं. ओळखीत कुणाकडे सूक्ष्मदर्शक असेल, शाळेच्या प्रयोगशाळेतलाही चालेल, तर एक थेंब बघून घ्या. गोलसर पेशी स्वतःच्या बळावर फिरताना दिसल्या तर तेच. खाणं थोडं वाढवा, नायट्रेट ५ आणि फॉस्फेट ०.०५ च्या आसपास येऊ द्या, धागे रोज सायफनने ओढून घ्या. आठवड्याभरात फरक दिसला नाही म्हणून लगेच दुसरा उपाय सुरू करू नका.

ताई, आम्ही एडिसन, न्यू जर्सीला असतो. साधारण २०० लिटरचा टँक, हॅमर आणि टॉर्च कोरलचे काही फ्रॅग (लावायचे छोटे तुकडे). केएच तीन ठिकाणी तपासला : दुकानात ९.२, घरी सॅलिफर्टच्या किटवर ७.७, मित्राच्या हॅना चेकरवर (डिजिटल मीटरवर) १४०! कुणाचं खरं धरू? आणि कॅल्शियम, मॅग्नेशियम, केएच रोज तपासणं झेपत नाही हो. – एक वाचक

१४० ने घाबरू नका. तुमच्या मित्राचा चेकर केएच नाही, कॅल्शियम कार्बोनेटचे पीपीएम दाखवतोय. १७.९ ने भागा : ७.८. म्हणजे हॅना आणि सॅलिफर्ट यांचं जुळतंय, फुटून निघालंय ते दुकान. फॉस्फरसच्या चेकरचीही अशीच गंमत असते. तो पीपीबीत (पीपीएमच्या हजाराव्या भागात) फॉस्फरस दाखवतो. पीपीएममध्ये फॉस्फेट हवं तर ३.०७ ने गुणून १००० ने भागायचं. मंडळी एककं न बघता आकड्यांवरून रात्र रात्र वाद घालतात.

तुमच्या हातचं सॅलिफर्ट बरोबर होतंय ना, तेवढं बघून घेऊ. नळीत ४ मिली पाणी, त्यात इंडिकेटरचे २ थेंब. सिरिंजमध्ये रसायन १ मिलीपर्यंत ओढलं की दट्ट्याखाली थोडी हवा राहते, ती असायचीच. ती काढायच्या भानगडीत पडू नका, वाचायचं ते काळ्या रबराच्या तोंडाकडच्या कडेशी. मग थेंब थेंब सोडत नळी फिरवत राहायची. निळा-हिरवा रंग जायला लागला की हात आखडता घ्यायचा. एका थेंबाने क्षणभर गुलाबी होऊन परत जातो, तो शेवट नाही. फिरवल्यावरही नारिंगी-गुलाबी टिकला तो शेवट. प्रयोगशाळेत पोरं नेमकी इथे घाई करायची आणि मग वहीत आकडा 'जुळवून' आणायची.

रोज तिन्ही तपासायची गरजच नाही. दगडी कोरल सांगाडा बांधतात तेव्हा केएच आणि कॅल्शियम ठरल्या प्रमाणात संपतं : केएच २.८ ने उतरला तर कॅल्शियम २० पीपीएमने. म्हणजे केएच ८.२ चा ७.६ झाला तरी कॅल्शियम फार तर ४-५ ने घटलेलं असणार, आणि तेवढं तुमच्या कॅल्शियमच्या किटला धड दिसतही नाही. केएचमध्ये तेच ठसठशीत दिसतं. म्हणून केएच दोन-तीन दिवसांआड, कॅल्शियम पंधरवड्याने, मॅग्नेशियम महिन्याने. केएच मोजायची वेळ मात्र एकच ठेवा. रात्री जेवणं झाल्यावर म्हणजे जेवणं झाल्यावरच, एक दिवस सकाळी आणि एक दिवस रात्री असं नको.

डोसिंग करत असाल तर दोन दिवस बंद ठेवा आणि मोजा. समजा सोमवारी ८.२, बुधवारी त्याच वेळी ७.६, तर टँक रोज ०.३ खातोय. १०० लिटरला १ डीकेएच (केएचचं एकक) वाढवायला साधारण ३ ग्रॅम बेकिंग सोडा लागतो. तुमच्या २०० लिटरला रोजच्या ०.३ साठी होतात १.८ ग्रॅम. साधा खायचा सोडा, बेकिंग पावडर नव्हे, तिच्यात आम्ल मिसळलेलं असतं. डीआय पाण्यात विरघळवून पंपाच्या प्रवाहात हळूहळू सोडा आणि एका दिवसात १ डीकेएचच्या वर चढवू नका. आकडा ७.७ आहे की ८.५, याला मी फार महत्त्व देत नाही, ७ ते ९ मध्ये कुठेही टॉर्च छान फुलतो. मंगळवारी ७.५ आणि गुरुवारी ९.५ असं झालं की तो आक्रसतो.

राहिला दुकानाचा ९.२. खरं कोण हे ठरवायला सोपा उपाय आहे. मिलिग्रॅमपर्यंतचा छोटा काटा ऑनलाइन स्वस्तात मिळतो. त्यावर २.४ ग्रॅम बेकिंग सोडा तोला, १० लिटर डीआय किंवा डिस्टिल्ड पाण्यात विरघळवा. या पाण्याचा केएच ८ असतो, हिशेबाने, कुणाच्या किटने नाही. आधी घरच्या सॅलिफर्टवर बघा, ७.७ ते ८.३ मध्ये आलं तर निर्धास्त राहा. हॅनाचा समुद्राच्या पाण्यासाठीचा चेकर मात्र यावर तपासू नका, तो खाऱ्या पाण्यासाठीच जुळवलेला असतो. मग त्यातली एक बाटली टँकचं पाणी म्हणून दुकानात न्या आणि आत काय आहे ते आधी सांगू नका.